साक्षात जपान

खांबेटेबाईंनी मान किंचित कलती करून सुकुमारकाकांना जपानीत काहीतरी विचारलं. काका बाकावरून अर्धे उठले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून वाकले आणि म्हणाले, "हाय!"

तेच वाक्य बाईंनी पुन्हा, जरा सावकाश म्हटलं.

"हाय, हाय!"

"ओसाकात तुम्ही किती दिवस होतात, असं मी विचारलं," बाई मराठीवर आल्या. "'हो, हो' हे त्याचं उत्तर होत नाही."

"सहा दिवस," काकांच्या वतीनं आण्णा म्हणाले आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

मी वही उघडून काकांच्या पानावर एक उभी रेघ ओढली.

ह्या रेघांचं आधी सांगायला हवं. इचलकरंजीत आमच्या शेडमध्ये प्रत्येक मागाला एक पाटी टांगलेली असायची. तार तुटून माग थांबला की कामगारानं पाटीवर खडूनं एक रेघ ओढायची. संध्याकाळी आण्णा रेघा मोजायचे आणि ज्या मागाच्या जास्त, तो खोलून बघायचे. मी तीच पद्धत माणसांना लावली होती. कुणी खोटं किंवा पोकळ बोललं की त्याच्या पानावर रेघ. अठराव्या वर्षी असले छंद असतात, आणि आपल्याला माणसं कळतात असा समजही असतो. त्या दिवशी, म्हणजे दोन हजार दहाच्या जूनमध्ये, काकांचं पान कराड ओलांडायच्या आत भरलं होतं. साताऱ्याला मी दुसरं सुरू केलं.

शेड काकांची, माग काकांचे. आण्णा, म्हणजे माझे वडील भूपाल, त्यांचे धाकटे भाऊ आणि त्यांच्याच शेडमधले जॉबर. माग जुळवायचे, बिघडला तर दुरुस्त करायचा, आणि भावापुढं गप्प बसायचं, ही तिन्ही कामं ते चोख करत. अठ्ठ्याण्णव साली काका व्यापाऱ्यांच्या मंडळाबरोबर यंत्रांचं प्रदर्शन बघायला ओसाकाला गेले. येताना बारा जुन्या जपानी मागांचा सौदा करून आले. शिवाय हॉटेलातल्या कापडी सपाता, फोटोंचा अल्बम आणि उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढा अधिकार. त्यानंतर घरात कुणाचं लग्न निघो नाहीतर कुणाला मुतखडा होवो, काकांचं बोलणं 'जपानी माणूस काय करतो माहिताय काय' इथूनच सुरू व्हायचं. जपानी माणूस कधी आवाज चढवत नाही, हे ते शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

मागांबरोबर एक जाडजूड पुस्तकही आलं होतं, सगळं जपानीत. आण्णांनी नुसती चित्रं बघून माग उभे केले. त्यात लाल चौकटीतली एक खूण सारखी यायची. ती धोक्याची आहे हे आण्णांना कळलं ते शेडमधल्या मल्लूचं बोट गेल्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "त्रिशला, हे वाचायला कोण शिकवतंय काय बघ की." मी तेव्हा सातवीत होते. शिकवणारं कुणी मिळालं नाही. पण चित्रं आणि एक जुना शब्दकोश लावून बारावीपर्यंत मी साठएक खुणा ओळखायला लागले होते. बारावीचा निकाल लागला आणि मी म्हटलं, जपानीत बी. ए. करणार. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "करू दे. पण कॉलेज मी निवडणार. जपान बघितलेला माणूस घरात एकच हाय."

स्थळ बघायला निघावं तसे आम्ही निघालो. काकांची सुमो, नारळ, लाडूंचा डबा, आणि ओसाकाचा अल्बम. स्थळं दोन होती, दोन्ही पुण्यात.

पहिलं हे, पेठेतलं जुनं कॉलेज. जपानीचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. शिपायानं बाहेर चाळीस मिनिटं उभं केलं, कारण बाई वर्गात होत्या. आत गेल्यावर चहा नाही, पाणी नाही. बाईंनी अल्बम मिटलेलाच ठेवला आणि माझ्यापुढं एक छापील पान सरकवलं. "यातलं काय ओळखतेस ते सांग." मी अकरा खुणा सांगितल्या.

"कुठं शिकलीस?"

"मागाच्या पुस्तकात."

बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे. त्यांच्या नखांतल्या ग्रीसकडेही. "तिसऱ्या वर्षापर्यंत इथली निम्मी मुलं गळतात," त्या म्हणाल्या. "आपोआप नाही, मी गाळते. हिला घेते मी. वडिलांच्या सहीचा फॉर्म चार वाजेपर्यंत ऑफिसात द्या. आज यादी बंद होतेय. चार वाजून पाच मिनिटांनी आलात तर पुढच्या मुलीचं नाव लागेल."

त्यानंतर काकांनी त्यांना ओसाका सांगायला सुरुवात केली, आणि ते 'हाय, हाय' झालं.

"वाकल्या काय त्या? एकदा तरी?" बाहेर आल्या आल्या काकांनी विचारलं. "जपानी शिकवणारी बाई, आणि वाकत न्हाई! आणि मुतारी बघितलीस काय भूपाल? न्हाई बघितलीस. मी बघितली."

"चारच्या आत यायचंय, दादा," आण्णा म्हणाले.

"यायचंय का न्हाई ते मी ठरवतो. बस गाडीत."

दुसरं स्थळ शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही. आता तिथं दुसरंच काहीतरी शिकवतात. काचेचं दार आपोआप उघडलं. आत कागदी गुलाबी फुलांनी लगडलेलं प्लास्टिकचं झाड, लाल माशांचं टाकं, त्यावर दीड माणूस मावेल एवढा लाकडी पूल, आणि पुलावर किमोनो घातलेली मुलगी. गोरी, बारीक डोळ्यांची, केसांत दोन काड्या. आम्हाला बघून ती कमरेत वाकली.

काका वाकले. ती आणखी वाकली. काकांनी दम घेतला आणि आणखी खाली गेले. पोट मध्ये येत होतं, पण इज्जतीचा प्रश्न होता. मी मोजत होते. फोटोंसकट सगळं धरून काका अकरा वेळा वाकले. नवव्या वेळी त्यांच्या शर्टाचं तिसरं बटण तुटून टाक्यात पडलं आणि एका माशानं ते तोंडात घेऊन पाहिलं.

"मिस युकी," मागून कुणीतरी म्हणालं. डायरेक्टर रणदिवे. सुटाबुटातला, अत्तराचा, हात चोळत बोलणारा माणूस. "टोकियोहून खास आपल्या विद्यार्थ्यांसाठी."

"साक्षात जपान!" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्याची रेघ मी ओढली नाही, ते खरंच होतं. मग त्यांनी ओसाकात पाठ केलेलं एक जपानी वाक्य तिला म्हणून दाखवलं.

"हाय," ती गोड हसली.

"बघितलंस?" काका माझ्याकडे वळले. "ह्या पोरीला कळतंय माझं जपानी. सकाळच्या बाईला कळत नव्हतं."

मग संस्था दाखवण्याचा कार्यक्रम झाला. शिवानी मॅडम नावाची एक बाई पुढं आणि आम्ही मागं. भाषेच्या प्रयोगशाळेत तीस हेडफोन होते, तीसही प्लास्टिकच्या पिशवीत. कॅन्टीनमध्ये काकांनी विचारलं, "आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. सूर्यास्ताच्या आत जेवण लागतं."

"सर, आपल्याकडे जैन सुशी आहे."

"जैन सुशी!" काकांनी आण्णांच्या पाठीवर थाप मारली. सुशी म्हणजे काय हे ओसाकात सहा दिवस घरच्या लाडूंवर काढलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नव्हता.

आण्णांनी दिवसातला पहिला प्रश्न विचारला. "शिकवायला कोण आहेत?"

"फॅकल्टी ग्लोबल आहे, सर," रणदिवे म्हणाले.

"म्हणजे किती जण?"

"सर, असं आकड्यांत नका बघू. व्हिजन बघा."

मी रणदिव्यांसाठी नवं पान घेतलं होतं, तेही भरत आलं. अडीच वाजले होते. मी काकांच्या बाहीला धरून हळूच म्हटलं, "काका, मला सकाळचंच कॉलेज पाहिजे."

"तुला कुणी विचारलं? माग घेताना सुताला विचारतात काय?" ते सगळ्यांना ऐकू गेलं. रणदिवे हसले. आण्णा प्लास्टिकच्या झाडाकडे बघायला लागले.

"मी जरा बाथरूमला जाऊन येतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही जातो-येतो असंच म्हणतात. शिवानी मॅडमनी तोंडावर हात धरला. "जातो? सो क्यूट!"

बाथरूम मात्र खरोखर चांगलं होतं, मुतारी बघून कॉलेज जोखणाऱ्या काकांना तेवढं श्रेय द्यायला हवं. मी बेसिनपाशी उभी राहून रडले. दार उघडल्याचं कळलंच नाही.

"क्या हुआ?"

आरशात किमोनो दिसला. युकी कमरेचा तो रुंद पट्टा सैल करत श्वास घेत होती. "कुणी काही बोललं का?" तिनं हिंदीतच विचारलं, अगदी पुण्यात शिकणाऱ्या परगावच्या मुली बोलतात तसल्या हिंदीत.

मी नळ बंद करून तिच्याकडे वळले.

"घाबरू नकोस. मी मणिपूरची. मेमचा." तिनं टिश्यू पेपर ओला करून माझ्यापुढं धरला. "रडत का होतीस?"

मी सगळं सांगितलं. सकाळची खोली, अकरा खुणा, चार वाजता बंद होणारी यादी, सूत आणि माग. खांबेटेबाईंचं नाव ऐकल्यावर ती मोठ्यांदा हसली. "सेन्सेईंनी तुला घेतलं? पहिल्या भेटीत? मला दोनदा परत पाठवलं होतं. मी त्यांच्याकडेच आहे, आता दुसऱ्या वर्षाला जाईन."

"मग इथं?"

"इथं मी उभी राहते. ॲडमिशनचे पंधरा दिवस. नाव त्यांनीच ठेवलं, युकी." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इथं येऊ नकोस. शिकवायला कुणी नाही. जाहिरातीत ज्यांचा फोटो आहे ते सर फक्त फोटो काढायला आले होते. सेन्सेई खडूस आहेत, पण त्यांनी शिकवलेलं विसरता येत नाही. तू सरळ सांग वडिलांना. रडू नकोस, जोरात सांग. वडील चांगले वाटतात तुझे."

तिनं माझी सुटलेली वेणी पुन्हा घातली. तिची बोटं भराभर चालत होती. मग म्हणाली, "माझं मात्र कुणाला सांगू नकोस. हे काम गेलं तर पुढच्या वर्षाची फी गेली. आणि मी इथं अशी उभी राहते हे सेन्सेईंना कळलं तर त्या मला दारात उभं करणार नाहीत. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं.

रणदिव्यांच्या केबिनमध्ये एसी चालू होता. टेबलावर फॉर्म, फॉर्मवर पेन, पेनावर आण्णांचा हात. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि पेठेपर्यंत जायला अर्धा तास तरी लागणार होता.

"मला इथं शिकायचं नाही," मी म्हटलं. जोरात म्हटलं.

"पुण्याचं वारं लागलं वाटतं," काका म्हणाले.

"आण्णा, मला इथं नको."

"बेटा, ह्या वयात कन्फ्यूजन नॅचरल आहे," रणदिवे म्हणाले.

आण्णांनी पेन खाली ठेवलं नाही, पण टेकवलंही नाही. "दादा," ते चाचरत म्हणाले, "पोरगी म्हणतीय तर..."

"भूपाल, तू माग बघ. माणसं मी बघतो. हितं बाहेर अख्खं जपान उभं केलंय ह्या लोकांनी, आणि हिला जिन्याखाली बसायचंय! कर सही. आणि थांब, असं कर, त्या युकीबाईला आत बोलवा. सही करताना तिच्याबरोबर फोटो पाहिजे. शेडमध्ये लावू."

मेमचा आत आली. पट्टा पुन्हा घट्ट बांधलेला, चेहऱ्यावर पावडर. ती आण्णांच्या खुर्चीमागं उभी राहिली आणि माझ्याकडे बघून कळेल न कळेल इतपत मान हलवली. बोल, असं ती सांगत होती. काका तिच्या शेजारी जाऊन छाती काढून उभे राहिले. शिवानी मॅडमनी फोन वर धरला. आण्णांनी पेन टेकवलं. 'भू' उमटला.

"ती जपानी नाही," मी म्हणाले.

"काय बरळतीस?"

"मणिपूरची आहे. मेमचा नाव आहे तिचं. हिंदी बोलते ती. विचारा."

शिक्षक दाखवा, एवढंच म्हणता आलं असतं. वर्ग दाखवा, म्हणता आलं असतं. फॉर्म ओढून फाडता आला असता. ही वाक्यं मला पुढं पुष्कळ सुचली. तेव्हा हे एकच सुचलं, कारण ते हाताशी होतं आणि हमखास चालणार होतं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "मणिपूर कुठं आलं?"

"आपल्याच देशात," आण्णा म्हणाले.

"मग तशी दिसत न्हाई ती."

काकांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. अकराच्या अकरा नमस्कार त्यांना एकेक करून आठवत असावेत. "म्हणजे मी," ते म्हणाले, "मी, सुकुमार मगदूम, एका नेपाळी पोरीपुढं..."

"मणिपूर, दादा."

"तेच ते!"

रणदिव्यांना सावरायला अर्धा सेकंद लागला. इतक्या वेगानं पलटी मारणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही, आणि मी कंपन्यांच्या वाटाघाटींत दहा-बारा वर्षं बसते आहे. ते ताडकन उठले. "व्हॉट इज दिस? तू आम्हाला जपानी आहे म्हणून सांगितलंस? फसवलंस संस्थेला?"

"सर, नाम तो आपने ही..."

"गेट आउट! आत्ताच्या आत्ता! शिवानी, तो ड्रेस काढून घे तिच्याकडून. सर, आय ॲम सॉरी, हल्ली माणसं कुठल्या थराला..."

"अशी कशी जाईल?" काकांचा आवाज केबिनच्या काचेवर आपटून परत आला. "माफी मागू दे आधी. अकरा वेळा वाकलोय मी."

मेमचानं रणदिव्यांकडे पाहिलं नाही, काकांकडेही नाही. तिनं पाय जुळवले, दोन्ही हात पुढं मांड्यांवर ठेवले, पाठ सरळ धरून कमरेतून वाकली आणि तशीच राहिली. एक, दोन, तीन. पुलावरचं वाकणं वेगळं होतं, त्यात काड्या हलायच्या. ह्या वेळी केसांतली एक काडीही हलली नाही. मग ती सरळ झाली आणि निघून गेली.

आण्णांनी 'भू' वर काट मारली.

गाडीत काका पंधरा मिनिटं बोलले नाहीत, हा त्यांचा आजतागायतचा उच्चांक आहे. मी घड्याळ बघत होते. आण्णा पुढच्या सीटवर होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"बघून कळलं."

"तिनं सांगितलं न्हाई नव्हं?"

"नाही."

तुटलेली तार आण्णा आवाजावरनं ओळखायचे, बारा मागांच्या खडखडाटात. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि मी वही काढली नाही.

"मला संशय आलाच होता," वारज्याच्या पुलावर काकांना वाचा फुटली. "जपानी बाईची पावलं अशी न्हाई पडत. मी म्हटलं, बघू या, कुठवर नाटक करतात. म्हणून तर अकरा वेळा वाकलो. परीक्षा बघत होतो."

तीन बावन्नला गाडी पेठेत थांबली. काका उतरले नाहीत. आण्णांनी कॉलेजच्या कठड्यावर फॉर्म ठेवून सही केली, आणि चाराला दोन मिनिटं असताना माझं नाव यादीत शेवटचं लागलं.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात खांबेटेबाईंनी वाकायला शिकवलं. थोडी मान झुकवली की ओळखीचा नमस्कार, त्याहून खाली गेलं की आदर, आणि पाठ सरळ धरून अर्ध्यात वाकून तीन मोजेपर्यंत थांबलं की माफी. "हे शेवटचं शंभरातल्या एकाला जमतं," बाई म्हणाल्या. "लोक शरमेनं मान टाकतात. मान टाकायची नसते. मागच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, तिचं बघत राहावं."

दुसऱ्या वर्षाचा वर्ग आमच्याच खोलीत आमच्यानंतर भरायचा. दारात उभं राहिलं की हजेरी ऐकू यायची. मेमचा देवी. गप्प. पुढचं नाव. गणपती आले, गेले. बाई ते नाव घ्यायच्या थांबल्या नाहीत. नवरात्रात एक दिवस त्या आमच्या वर्गात म्हणाल्या, "मणिपूरची मेमचा कुणाच्या ओळखीची आहे का? फीसाठी अडली असेल तर मी भरते, असा निरोप द्यायचाय. खोलीवर नाही ती. सोडून गेली म्हणतात."

मी हात वर केला नाही.

दिवाळीनंतर हजेरीतून ते नाव गेलं. बाईंनी तिच्या विभागात राहिलेल्या तीन वह्या मला दिल्या, अक्षर बघून शिकण्यासारखं आहे म्हणून. होतंच. खिडकीजवळच्या ज्या बाकावर ती बसायची, तिथं उजेड चांगला येतो, म्हणून मी बसायला लागले. निम्मी मुलं गळली. मी गळले नाही. पहिली आले.

रेघांची वही मी पहिल्या वर्षीच बंद केली. घरच्यांना वाटलं, अभ्यास वाढला.

गेल्या वर्षी काकांनी इचलकरंजीत नव्या जपानी मागांची एजन्सी घेतली. वय चौऱ्याहत्तर, पण उद्घाटनाचा थाट ठरवताना आवाज तोच. दुभाषी म्हणून मी होतेच, घरची आणि फुकटची. कार्यक्रमाचं काम कोल्हापूरच्या प्रणोती नावाच्या चुणचुणीत मुलीकडे होतं. शोरूमच्या दारात उभं राहून तिनं टॅबवर चित्रं दाखवली. "सर, इथं गुलाबी फुलांचं झाड, इथं छोटा पूल, आणि पुलावर किमोनो घातलेल्या दोन मुली. जपानी मुली महाग पडतात, पण पुण्याहून नॉर्थईस्टच्या मिळतात. लोकांना कळत नाही."

"मला कळतं," काका म्हणाले. "मला फसवायचं न्हाई हं. ही त्रिशला कॉलेजात घालायची होती तेव्हा असलीच एक उभी केली होती. अख्खी संस्था फसली, डायरेक्टर फसला. मी बघताक्षणी ओळखलं. पावलांवरनं! भर केबिनीत तिला माफी मागायला लावली. विचार हिला."

प्रणोतीनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात आण्णा नव्या मागापाशी उकिडवे बसले होते. मान वर न करता ते थांबले, नट आवळणाऱ्या पान्ह्यासकट.

"हो," मी म्हणाले. "काकांनीच ओळखलं."

पान्हा पुन्हा फिरायला लागला.

"मग मॅडम, दोन मुली ठेवू ना?" प्रणोतीनं विचारलं. "त्यांना काही खास सूचना? वाकायचं कसं, बोलायचं काय?"

"ठेव," मी म्हटलं. "वाकायचं मी शिकवीन. तू त्यांना एकच सांग. बाथरूममध्ये एखादी मुलगी रडताना दिसली, तर तिला काय झालं म्हणून विचारायचं नाही."